मुलींनीं डिटेक्टिव्ह गोष्टी वाचाव्या काय?

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. इतिहास, चरित्र, प्रवासवर्णन, काव्य यांविषयीं सहसा कोणाची तक्रार नसते; परंतु घरांतील एखादी मुलगी रहस्यकथेचें पुस्तक घेऊन कोपऱ्यांत बसली कीं वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. 'अभ्यास सोडून हें काय वाचतेस?' हा पहिला प्रश्न, आणि 'मुलीच्या जातीला चोरांच्या गोष्टी हव्यात कशाला?' हा दुसरा. पहिला प्रश्न मुलगे व मुली या दोघांनाहि विचारला जातो. दुसरा मात्र मुलींच्याच वांट्यास येतो. या दुसऱ्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्यासाठीं उदाहरण म्हणून नॅन्सी ड्र्यू या अमेरिकन मुलीची प्रसिद्ध पुस्तकमाला मीं घेतली आहे. आमच्याकडील इंग्रजी पुस्तकांच्या वाचनालयांतून हीं पुस्तकें कित्येक वर्षें मुलींच्या हातीं फिरत आलीं आहेत. तेव्हां त्यांच्या गुणदोषांची चर्चा येथें अस्थानीं होणार नाहीं.

ही माला २८ एप्रिल १९३० रोजीं सुरू झाली. न्यूयॉर्क येथील ग्रॉसेट अँड डनलॅप या प्रकाशन-संस्थेनें आरंभींच तीन पुस्तकें एकदम बाहेर काढलीं. आदल्याच वर्षीं तेथील शेअरबाजार कोसळून मोठी मंदी सुरू झाली होती. अशा दिवसांत पन्नास सेंट किंमतीचें हें पुस्तक एखादी मुलगी विकत घेई आणि तिच्या मैत्रिणी तें आळीपाळीनें वाचीत. अमेरिकेंतील स्त्रियांस राष्ट्रव्यापी मताधिकार मिळून त्या वेळीं अवघीं दहा वर्षें झालीं होतीं, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कथेची नायिका नॅन्सी ही सोळा वर्षांची मुलगी. रिव्हर हाइट्स या कल्पित गांवांत ती आपल्या वडिलांजवळ राहते. आई लहानपणींच वारलेली; वडील कार्सन ड्र्यू हे नामांकित वकील; घर संभाळावयास हॅना ग्रुएन ही प्रेमळ बाई. नॅन्सीजवळ निळ्या रंगाची लहानशी मोटार आहे व ती स्वतः चालविते. पुढें १९३१ सालच्या पांचव्या पुस्तकापासून बेस व जॉर्ज या दोन मैत्रिणी तिच्या जोडीला येतात. जॉर्ज हें नांव मुलाचें असलें तरी ही मुलगीच आहे, आणि आपल्या नांवाचा तिला अभिमान आहे. दोघी एकमेकींच्या चुलत-मावस नात्यांतील बहिणी. एक भित्री व खाण्याची शौकीन, तर दुसरी धीट व रोखठोक. अशा या तिघींच्या संगतींत वाचणारीचा वेळ कसा जातो हें तिचें तिलाच कळत नाहीं.

पहिल्या पुस्तकाचें नांव 'दि सीक्रेट ऑफ दि ओल्ड क्लॉक', म्हणजे 'जुन्या घड्याळाचें गुपित'. जोसाया क्रॉले नांवाचा एक वृद्ध गृहस्थ मरण पावतो, आणि त्याची सारी मालमत्ता टॉपहॅम या श्रीमंत व गर्विष्ठ कुटुंबास मिळेल असें मृत्युपत्र पुढें येतें. परंतु म्हाताऱ्यानें ज्यांना कांहीं देण्याचें वचन दिलें होतें अशीं कितीतरी गरीब माणसें हात चोळीत बसलेलीं असतात. त्यानें मागाहून दुसरें मृत्युपत्र केलें होतें काय? केलें असेल तर तें कोठें आहे? नॅन्सी हा शोध हातीं घेते. कोणी तिला बक्षीस देणार नसतें. वादळी पावसांत एका धान्याच्या कोठारांत आसरा घेतला असतां तेथील दोघी निराधार बहिणींची हकीकत तिच्या कानीं पडते व तिचें मन स्वस्थ बसूं देत नाहीं, एवढेंच.

या कथेंतील दोन प्रसंग मी येथें सांगतों. उकल मात्र सांगणार नाहीं. कारण वाचकाचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार शिक्षकालाहि नाहीं.

ॲबिगेल रोवन नांवाची एक आजारी म्हातारी असते. क्रॉले मृत्युपत्राविषयीं कांहींतरी बोलला होता एवढें तिला आठवतें. पण काय बोलला तें कांहीं केल्या आठवत नाहीं. नॅन्सी तिला दरडावीत नाहीं, घाई करीत नाहीं. तिच्याजवळ बसून राहते. इतक्यांत घरांतल्या घड्याळाचे ठोके पडतात, आणि त्या आवाजासरशी म्हातारीच्या स्मृतीचें दार उघडतें. साधीच गोष्ट, पण आपल्या आठवणी एकमेकींना कशा बांधलेल्या असतात हें मानसशास्त्राचें तत्त्व सोळा वर्षांच्या वाचकाला इतक्या सहज दुसरें कोण समजावून सांगेल? शिवाय, वृद्ध माणसाचें बोलणें धीरानें ऐकल्यावांचून सत्य हातीं लागत नाहीं, हा धडा त्याच्या पोटांत आहे तो निराळाच.

दुसरा प्रसंग मून लेक येथील बंगल्यांतला. तेथें चोर नॅन्सीला एका कपाटवजा खोलींत कोंडून निघून जातात. ती प्रथम घाबरते, ओरडते, दारावर धडका देते. देवदूतासारखी कोणतीहि घटना तिला तत्काळ सोडवीत नाहीं. मग ती शांत होते व विचार करूं लागते. कपडे टांगण्याचा आडवा दांडा तिच्या हातीं लागतो, आणि त्याचा तरफेसारखा उपयोग करून ती बिजागऱ्या उचकटूं लागते. तरफेचा नियम आपण वर्गांत पाठ करतों. टेकू, भार व शक्ति यांची आकृति काढून गुणहि मिळवितों. पण अंधारांत, भीतीनें ऊर धडधडत असतां तो नियम आठवणें ही खरी परीक्षा होय. घाबरणें हा दोष नव्हे, घाबरून थांबणें हा दोष आहे, असें ही कथा एकहि उपदेशाचें वाक्य न लिहितां सांगून जाते.

दुसऱ्या पुस्तकाचा विषय तर आमच्या घराघरांतून ऐकूं येणाऱ्या गोष्टींच्या जवळचा आहे. दोघी वृद्ध बहिणींच्या जुन्या वाड्यांत विचित्र आवाज होतात, वस्तू नाहींशा होतात. दारें-खिडक्या बंद असतांना हें कसें घडतें तें कोणास कळत नाहीं. असें आमच्याकडे घडलें असतें तर वाड्याला भुताचें नांव पडून त्याकडे कोणी फिरकलें नसतें. नॅन्सी तेथें राहावयास जाते, भिंती ठोकून पाहते, जमिनीचा व जिन्यांचा कानाकोपरा तपासते. ज्या गोष्टीचें कारण दिसत नाहीं तिला कारणच नाहीं, असें ती मानीत नाहीं. ही शोधक वृत्ति विज्ञानाच्या अभ्यासाचा पाया आहे.

परंतु मला या पुस्तकमालेंत सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट नॅन्सीच्या ठिकाणीं नसून तिच्या वडिलांच्या ठिकाणीं आहे. कार्सन ड्र्यू हे आपल्या कामाविषयीं मुलीशीं बोलतात. तिचें मत विचारतात. ती कांहीं सांगूं लागली म्हणजे हातांतला कागद बाजूस ठेवून ऐकतात. तिचा तर्क चुकत असेल तर कोठें चुकतो तें दाखवितात. पण 'तुला काय कळतें?' असें म्हणत नाहींत. कथेंत हीं संभाषणें लहान आहेत, व रहस्य जाणून घेण्याच्या घाईंत वाचणाऱ्या मुली कदाचित् तीं भरभर वाचून पुढें जात असतील. तरी माझी अशी खात्री आहे कीं, ज्या विश्वासावर नॅन्सीचें सारें धैर्य उभें आहे तो विश्वास याच दिवाणखान्यांत निर्माण झाला आहे. मोटार, दुर्बीण किंवा विजेरी यांपेक्षां तें साधन फार मोठें. आणि तें विकत घ्यावें लागत नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं.

पहिला आक्षेप असा कीं, असल्या पुस्तकांनीं मन उथळ होतें. हा आक्षेप आमच्याकडील नवा नाहीं. अमेरिकेंतील बालवीर संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनीं १९१४ सालींच स्वस्त पुस्तकमालांविरुद्ध अतिशय कडक लेख लिहिला होता. आणि नॅन्सीचीं पुस्तकें निघाल्यावरहि तेथील पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांनीं तीं आपल्या कपाटांत ठेवण्याचें बरींच वर्षें नाकारलें. आक्षेप अगदींच पोकळ आहे असेंहि नाहीं. हीं पुस्तकें एका सांच्यांतून काढल्यासारखीं आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं कांहींतरी संकट ओढवतें, योगायोग हाकेला ओ देतात, आणि दुष्ट माणूस त्याच्या तोंडावरूनच ओळखूं येतो. मनुष्यस्वभावाचें खोल दर्शन येथें शोधूं नये. पण मूल एकदम पायरी सोडून गच्चीवर जात नाहीं. जिनें पन्नास पानें एका बैठकींत कधीं वाचलीं नाहींत तिच्या हातीं जाडजूड अभिजात कादंबरी दिली तर ती पुस्तक मिटून ठेवील. आणि कदाचित् पुनः उघडणार नाहीं. वाचनाची गोडी प्रथम लागावी लागते. मग रुचि सुधारतां येते. शिवाय आमच्या मुलींना इंग्रजी ही परकी भाषा. छोट्या वाक्यांचें, संभाषणानें भरलेलें, पुढें काय होईल या उत्सुकतेनें ओढून नेणारें पुस्तक हें कोशाच्या व व्याकरणाच्या जोडीला उत्तम शिक्षक ठरतें.

दुसरा आक्षेप असा कीं, चोरीच्या गोष्टी वाचून मन बिघडतें. येथें विवेक हवा. ज्या कथांत गुन्हेगाराचें कौतुक असतें, रक्तपात चवीनें वर्णिलेला असतो, त्या कोंवळ्या वयांत दूर ठेवाव्या हें मला मान्य आहे. नॅन्सीच्या मूळ मालेचा रोख तसा नाहीं. तेथें बहुधा हरवलेलें मृत्युपत्र, लपविलेला दागिना, बळकावलेलें घर, फसविलेली विधवा असे विषय असतात. गुन्हेगाराच्या चातुर्यापेक्षां ज्याचें गेलें त्याला तें परत मिळालें, या गोष्टीचा आनंद वाचणारीच्या मनांत उरतो. पहिल्या पुस्तकाच्या शेवटीं नॅन्सीला हवें असतें तें काय? द्रव्य नव्हे, तें जुनें घड्याळ, आठवण म्हणून.

तिसरा आक्षेप मी स्वतः घेतों. नॅन्सीला पैशांची ददात नाहीं, घरकाम करावें लागत नाहीं, आणि मनांत येईल तेव्हां मोटार घेऊन निघतां येतें. आमच्यांतील बहुतेक मुलींचें जीवन असें नाहीं. तिच्या देशांतील बहुतेक मुलींचेंहि त्या मंदीच्या काळांत तसें नव्हतें. तेव्हां तिचें एकटीनें चोरांच्या मागें जाणें जसेंच्या तसें उचलावयाचें नाहीं. तिचे डोळे घ्यावे, तिची चिकाटी घ्यावी. मोटार तिची तिला ठेवावी.

याहून गंभीर असा एक दोष सांगणें अवश्य आहे. मूळच्या आवृत्तींत काळ्या वर्णाचे लोक व परदेशांतून आलेले लोक यांचें चित्रण अन्यायाचें आहे. पहिल्याच पुस्तकांत मून लेकच्या बंगल्याचा राखणदार काळा, मद्यपी आणि हास्यास्पद बोलीचा असा रंगविला आहे. पुढें १९५९ पासून पहिलीं ३४ पुस्तकें नव्यानें लिहून काढण्यांत आलीं. पंचवीस प्रकरणांचीं वीस प्रकरणें झालीं, नॅन्सीचें वय सोळावरून अठरा झालें, आणि असलीं अपमानकारक चित्रें काढून टाकण्यांत आलीं. हें योग्यच झालें. पण ज्यांचा अपमान काढला त्यांना सन्मानाची जागा मात्र दिली गेली नाहीं. ते राखणदार, त्या मोलकरणी कथेंतून निघूनच गेल्या किंवा गोऱ्या झाल्या. १९९१ पासून मूळ आवृत्ति पुनः छापल्या गेल्यामुळें आज दोन्ही प्रती ताडून पाहतां येतात. माणसाचा रंग, कपडे किंवा बोली पाहून त्याच्यावर संशय घेणें हा पुरावा नव्हे, हें नॅन्सीच्याच पद्धतीनें नॅन्सीच्या पुस्तकास सांगतां आलें पाहिजे. जातीवरून व वस्तीवरून माणूस ओळखण्याची खोड ज्यांच्या समाजांत आहे त्या आम्हां वाचकांनीं तर हा धडा विशेष जपून ठेवावा.

आतां सर्वांत नवलाची हकीकत ऐका. प्रत्येक पुस्तकावर 'कॅरोलिन कीन' असें लेखिकेचें नांव आहे. पण या नांवाची कोणी लेखिका नव्हतीच! एडवर्ड स्ट्रॅटमायर नांवाच्या गृहस्थानें मुलांच्या पुस्तकांचा जणूं कारखानाच काढला होता. तो कथेचा आराखडा देई, दुसरीं माणसें तीं पुस्तकें लिहीत, आणि वर नांव मात्र कल्पित असे. नॅन्सीचीं पहिलीं पुस्तकें निघाल्यावर दोन आठवडे पुरे होण्यापूर्वींच, १० मे १९३० रोजीं, तो वारला. पुढें त्याच्या दोघी मुलींनीं हा व्यवहार चालविला, आणि त्यांपैकीं हॅरिएट ॲडम्स यांनीं तो कित्येक वर्षें संभाळला. पहिलीं पुस्तकें लिहिणारी होती आयोवा संस्थानांतील मिल्ड्रेड वर्ट नांवाची तरुणी. १९२७ सालीं तिनें आयोवा विद्यापीठाची पत्रकारितेंतील एम. ए. ची पदवी मिळविली होती. पहिल्या तीस पुस्तकांपैकीं तेवीस तिनें लिहिलीं. आरंभीं एका पुस्तकास सव्वाशें डॉलर मिळाले. विक्रीच्या नफ्यांत वांटा नाहीं, आणि आपण लेखिका आहों हें जाहीर सांगावयाचें नाहीं असा करार! १९८० सालीं प्रकाशकांच्या एका खटल्यांत न्यूयॉर्कच्या न्यायालयांत तिची साक्ष झाली, तेव्हां खरी गोष्ट जगासमोर आली. म्हणजे हें रहस्य उकलावयास पन्नास वर्षें लागलीं. या मिल्ड्रेडबाई पुढें बेन्सन या आडनांवानें ओळखल्या जाऊं लागल्या. त्या विमान चालवावयास शिकल्या, टोलीडो शहरीं वर्तमानपत्रांत काम करीत राहिल्या, आणि २००२ सालीं ९६ व्या वर्षीं निधन होईपर्यंत त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. नॅन्सीचें धैर्य कोठून आलें या प्रश्नाचें निम्मे उत्तर येथें सांपडतें.

या पुस्तकांनीं कोणाचें काय भलें झालें, असें कोणी विचारील. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत १९८१ सालीं नेमल्या गेलेल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर, त्यांच्यामागून १९९३ सालीं आलेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग, आणि २००९ सालीं नेमल्या गेलेल्या सोनिया सोटोमायोर या तिघींनींहि बालपणीं नॅन्सीचीं पुस्तकें आवडीनें वाचल्याचें सांगितलें आहे. पुस्तक वाचलें म्हणून कोणी न्यायाधीश होत नाहीं. तसा दावा करणें म्हणजे तर्काचा खून होय. परंतु पुरावा पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये ही संवय ज्या वयांत लागते त्या वयांत या मुलींच्या हातीं कोणतें पुस्तक होतें, हें विसरण्याचेंहि कारण नाहीं.

मराठींत मुलांसाठीं साहसकथा नाहींत असें नव्हे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे कोणाला ठाऊक नाहीं? त्याच्या सायकलीमागें आमच्या मुलीहि मनानें धांवल्या आहेत. पण त्यांना धांवावें लागलें तें एका मुलाच्या मागें. आमच्याच एखाद्या तालुक्याच्या गांवीं राहणारी, एस. टी. नें शाळेला जाणारी, विहिरीच्या काठीं ऐकलेल्या एका वाक्यावरून सारें प्रकरण उलगडणारी मुलगी, जिचें नांव मराठी घराघरांत नॅन्सीइतकें परिचित होईल, अशी मला अजून पाहावयाची आहे. या अंकाच्या वाचकांपैकींच कोणी ती लिहील काय?

विद्यार्थिनींनो, तोंवर हीं पुस्तकें अवश्य वाचा, मुलग्यांनीहि वाचावीं. वाचतांना जवळ एक वही ठेवा. जो दुवा महत्त्वाचा वाटेल तो पानाच्या आंकड्यासह टिपून ठेवा. शेवटचीं दोन प्रकरणें उरलीं कीं पुस्तक मिटा, आपला निष्कर्ष कारणांसह लिहा, आणि मगच पुढें वाचा. तर्क चुकला तर कोठें चुकला तें शोधा. मात्र परीक्षेच्या आदल्या रात्रीं गादीखालून पुस्तक काढूं नका. नॅन्सी असती तर तिनें तुम्हांला तत्काळ पकडलें असतें!

पालकांस एवढीच विनंति आहे. पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वीं मुलीच्या शेजारीं क्षणभर बसा आणि विचारा, 'तुझा संशय कोणावर आहे, आणि कां?' ती जें सांगेल तें शेवटपर्यंत ऐका. आज ती कल्पित वाड्यांतील चोरीविषयीं बोलेल. उद्यां घरांतील, शेजारांतील, गांवांतील एखाद्या गोष्टीविषयीं बोलेल. 'बाबा, हें असें कां?' हा प्रश्न आपल्याला कधीं कधीं अडचणींत टाकील. तेव्हां पुस्तकाला दोष देऊं नका, मुलीलाहि देऊं नका, उत्तर द्या.